नाकाविरुद्धची सही

कोंबडीखाद्याच्या कारखान्याच्या फाटकाला लागून पत्र्याची एक खोली होती. आत एक टेबल, एक खुर्ची, ओलावा मोजायचं यंत्र, आणि खिळ्याला टांगलेली परखी. म्हणजे पोत्यात खुपसून पोटातला दाणा बाहेर काढायची टोकदार, पोकळ सळई. त्या खोलीत नाकबाई बसत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. मालकापासून हमालापर्यंत सगळे त्यांना नाकबाईच म्हणत, आणि त्याही त्या हाकेला ओ देत.

नाक दिसायला काही खास नव्हतं. बसकं, मध्ये जरा रुंद. अठरा वर्षांपूर्वी त्या पोती शिवायच्या खात्यात होत्या. एके दिवशी मक्याचा ट्रक आला, यंत्राने तो कोरडा ठरवला, आणि ट्रक शेजारून जाताना बाई हातातली सुई तशीच धरून म्हणाल्या, "याचा मधला थर तापलाय. आंबूस वास येतोय." मुकादम हसला. पण मधली पोती उपसली तेव्हा आत हात ठेववेना इतकी ऊब होती, आणि दाणे काळे पडून एकमेकांना चिकटलेले. दुसऱ्या दिवशी मालकाने त्यांना फाटकावर बसवलं. तेव्हापासून आलेल्या मालाचा वास बाईंनी घ्यायचा, सही बाईंनी करायची, आणि त्या सहीशिवाय एकही पोतं आत जायचं नाही, असा नेमच पडला.

लोकांना वाटे, असं नाक म्हणजे देणगी. ती देणगी घरात नांदवायची म्हणजे काय, ते त्यांच्या नवऱ्याला विचारावं. तो शिंपी. दिवसभर परक्या माणसांची मापं घ्यायची, त्यामुळे घरी आल्यावर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधी हात दोनदा धुवायचे आणि शर्ट बदलायचा, हा हुकूम. सासूबाई शेजारणींना सांगत, "आमच्या सुनेच्या नाकावर माशी बसत नाही. आणि बसलीच, तर ही सांगेल ती आधी कुठे बसून आली."

अशी सगळी घडी बसलेली असताना मका मिळेनासा झाला.

"मका आता गाड्यांच्या टाकीत जातोय, बाई," मालक म्हणाला. "त्याचं स्पिरिट काढतात, पेट्रोलात मिसळायला. कोंबडीला विचारतो कोण?"

मांसासाठी वाढवायच्या कोंबडीच्या खाद्यात शंभरातले साठ भाग मका. तोच नाही म्हटल्यावर उरलं काय? मालकाने चारी दिशांना निरोप धाडला: मक्याच्या जागी चालेल असं काहीही आणा, बघू.

'काहीही' हा शब्द त्याने वापरायला नको होता.

कारण खरोखरच काहीही यायला लागलं. दारूच्या कारखान्यातला चोथा आला, ओला, पोत्याच्या शिवणीतून तपकिरी पाणी ठिबकत. ते पाणी फाटकासमोर सांडलं आणि तीन दिवस तिथे चिलटांचा ढग उठत राहिला. कुणी जमिनीतल्या कंदाच्या साली वाळवून आणल्या. त्यात निम्मी माती, आणि उरलेल्यात एक कडवट, डोकं धरणारा वास. मग एक जाकीटवाला गृहस्थ आला. त्याच्याकडे खानावळींमधलं उष्टं वाळवून केलेली पूड होती. तो तिला 'पुनर्वापर' म्हणत होता. बाईंनी मूठभर पूड कागदावर पसरली. तीत दात कोरायच्या काड्या होत्या, जखमेवरची एक चिकटपट्टी होती, आणि हाडांचे बारीक कण होते.

"ही हाडं कशाची?" बाईंनी विचारलं.

"असतील कोंबडीची. ताटातलंच आहे हो सगळं."

"म्हणजे कोंबडीला कोंबडी खाऊ घालायची?"

"तिला कुठे ओळख पटणार आहे!" गृहस्थ हसला. बाईंनी कागदाची पुरचुंडी करून त्याच्या हातात दिली, आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

महिनाभर त्यांच्या नाकी नऊ आले. रात्री केस धुतले तरी सकाळी उशीला चोथ्याचा वास यायचा. आठवड्यातून एकदा खाद्याची कृती ठरवणारे डॉक्टर यायचे, शांत आणि जाड चष्म्याचे. ते म्हणायचे, "ज्वारी चालेल, पण पांढरी; तांबडीत तुरटपणा असतो, तो पक्ष्यांना पचत नाही. तुकडा तांदूळ उत्तम, मिळाला तर. बेकरीचा चुरा तर फारच छान. मैदा, साखर, तूप, सगळं आयतं भाजलेलं. फक्त चांगला हवा."

बेकरीचा चुरा हे शब्द बाईंनी घरी जेवताना सहज उच्चारले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा धाकटा दीर दारात उभा राहिला.

दीर दुकानोदुकानी पाव आणि बिस्किटं पोचवायचा. मुदत संपलेला माल परत गोळा करणंही त्याच्याकडेच होतं. "वहिनी, हा माल मी आजवर खड्ड्यात टाकत होतो," तो म्हणाला. "वाळवतो, दळतो, तुम्हाला आणून देतो. तुम्ही वास घ्या. नाही पटला तर परत न्यायला गाडी माझीच आहे."

पहिला माल आला तेव्हा नाकबाईंनी परखी खुपसली, तळहातावर चुरा घेतला, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरची आठी सुटली. सोनेरी, कोरडा, खरपूस. एक कण त्यांनी जिभेवरही ठेवला. डॉक्टरांनी शंभरात दहा भाग घालायची परवानगी दिली. उरलेली कसर ज्वारीने भरून काढायची ठरली. पक्षी मिटक्या मारत खाऊ लागले, मालक खूश, दीर खूश. सासूबाईंनी तर धाकट्याने नवी गाडी घेतली तेव्हा थोरल्या सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

चार महिने असे बरे गेले. मग एका सकाळी दिराची गाडी फाटकात शिरली आणि नाकबाई खुर्चीवरून उठल्या.

वास घाण नव्हता. तोच तर घोटाळा होता. वास गोड होता, व्हॅनिलाचा, मिठाईच्या दुकानात शिरल्यासारखा. शिळ्या पावाला हा वास कुठून? चांगला चुरा खरपूस असतो, पण असा नटूनथटून येत नाही. बाईंनी वरची पोती बाजूला करायला लावली आणि परखी खालच्या थरात, मुठीपर्यंत खुपसली. निघालेला चुरा नाकाशी धरला. वर गोड. आणि त्या गोडाच्या खाली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखा, कुबट. जुन्या तळघरातल्या भिंतीचा वास असतो तसा.

"गाडी बाजूला लावा," त्या म्हणाल्या.

अर्ध्या तासात दिराचा फोन आला. "वहिनी, अहो नवीन बेकरीचा माल आहे, केक जास्त आहेत त्यात. म्हणून गोड वास." मग नवऱ्याचा आला. त्याच्याकडे कधी दुपारी फोन करायला फुरसत नसायची. "अगं, तो रडकुंडीला आलाय. आई इथे दुकानात येऊन बसलीय. एवढी एक गाडी जाऊ दे. पुढची नीट बघ." मग मालक स्वतः पायऱ्या उतरून आला.

"बाई, मिक्सर रिकामा फिरतोय. यंत्राने काय म्हटलंय?"

"यंत्र ओलावा सांगतं. ओलावा बरोबर आहे. वाळवलाय चांगला. पण वाळायच्या आधीच त्याला बुरशी आली होती."

"दिसतेय कुठे?"

"दळल्यावर कशी दिसेल?"

"म्हणजे नुसता वास," मालक म्हणाला. "तोही गोड."

त्याच्यामागे दोन हमाल उभे होते. ते बाईंकडे पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते, आणि त्यातल्या एकाच्या ओठांवर हसू होतं: घरचाच माल घरचीच बाई अडवतेय, बघू किती वेळ. बाईंना सगळ्यांचाच एकदम उबग आला. दिराच्या लाडीगोडीचा, नवऱ्याच्या मऊपणाचा, त्या वासाचा. हे सगळं एकदाचं नजरेआड व्हावं, एवढंच त्यांना वाटलं. त्यांनी पेन उचललं आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा नाकाविरुद्ध सही केली.

गाडी आत गेली. बाईंनी खिडकी लावून घेतली, तरी तो गोड वास पत्र्याच्या फटींतून संध्याकाळपर्यंत येत राहिला.

अकराव्या दिवशी सिस्टर आल्या. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. गावाबाहेर दोन हजार पक्ष्यांचं शेड त्यांनी एकटीच्या हिमतीवर चालवलं होतं, आणि ते इतकं टापटीप की डॉक्टर इतरांना ते बघायला पाठवायचे. त्यांच्या हातात झाकणाचा स्टीलचा डबा होता. तो त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवला.

"बाई, तुमचं नाक मोठं आहे असं ऐकते. हे बघा आणि सांगा."

झाकण उघडलं. आत वीस दिवसांची तीन पिल्लं होती, मेलेली, पोटं नीट उभी चिरलेली. यकृत तांबडं, लुसलुशीत असायला हवं. ते फिकट पिवळं पडलं होतं, आणि सिस्टरांनी बोटाने दाबलं तसं भिजलेल्या साबणासारखं फुटलं. डब्यातून तुपकट, मळमळ आणणारा वास आला. आणि त्याच्या तळाशी, ओळखू येईल इतका, तोच कुबटपणा.

"आणि हे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी एका पिल्लाची पाथरी, म्हणजे दाणा भरडायची जाड पिशवी, कापून उलटी केली होती. आतल्या पिवळ्या सुरकुत्यांना निळ्या चकचकीत प्लास्टिकच्या चिंध्या चिकटल्या होत्या. बिस्किटांच्या पुड्याचं वेष्टण. एका चिंधीवर अर्धवट अक्षरं वाचता येत होती: 'कुरकुरी'.

नाकबाईंनी तोंडावर पदर धरला.

"परवा चाळीस गेले. काल साठ. खाद्य बदललंय का?" सिस्टरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. वॉर्डात पेशंटला ताप कधीपासून आहे विचारावं तसा होता.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "आधी मला एक ठिकाण बघून येऊ द्या."

त्या रिक्षा करून थेट दिराच्या वाळवणीच्या आवारात गेल्या, न कळवता. चार महिन्यांत त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या. घरच्या माणसाकडे तपासायला कसं जायचं, असं वाटायचं. आवाराच्या भिंतीबाहेरच गटाराशी एक लठ्ठ घूस दिवसाढवळ्या पाव ओढत होती. रिक्षा थांबली तरी ती हलली नाही.

आत काळ्या प्लास्टिक पिशव्यांचा ढीग होता, माणसाहून उंच. काही पिशव्या फुगल्या होत्या, काही फाटून आतला माल बाहेर ओघळला होता. पाव होते, पण पाव म्हणून ओळखू येत नव्हते. हिरवे, करडे, केसाळ. काहींवर गुलाबी बुळबुळीत थर. ढिगाच्या खालून काळसर पाणी निघून वाळत घातलेल्या चुऱ्याकडे निघालं होतं, आणि कुणीतरी त्याला अडवायला एक वीट ठेवली होती. वेष्टणं सोडवायला पूर्वी सहा बायका होत्या, असं दीर सांगायचा. आता एकही नव्हती. एक माणूस फावड्याने पिशवी, पुडा, पाव, सगळं एकत्र यंत्राच्या तोंडात लोटत होता. दुसऱ्या टोकाला धुळीचा लोट निघत होता, आणि तिथे पाठीला फवारणीचा पंप लावलेला दुसरा माणूस चुऱ्यावर फवारा मारत होता. पिकावर औषध मारायचा पंप. त्यात व्हॅनिला.

दीर चहाचा कप घेऊन आला आणि बाईंना बघून कप खाली ठेवायचं विसरला.

"वहिनी! कळवायचं तरी."

"कळवलं असतं तर हे दिसलं नसतं."

"अहो माल वाढला, माणसं मिळत नाहीत. तुमच्याच मालकाला दुप्पट हवाय." मग तो सावरला, आणि घरातल्या बाईला समजवावं तसं हसत म्हणाला, "वहिनी, कोंबडी काय खाते ते तुम्ही कधी बघितलंय का? मोकळी सोडा तिला. उकिरडाच उकरते. तिला काय कळतंय?"

"तिला नाही कळत. जो तिला खातो त्याला?"

"आपण कुठे खातो? मी तर घरी शेडची कोंबडी आणणं बंदच केलंय. पोरांना नको म्हटलं."

हे त्याने अगदी सहज सांगितलं, जणू शहाणपणाची गोष्ट. बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. याला त्यांनी लग्न होऊन आल्या तेव्हा नाक पुसून शाळेत धाडलं होतं.

"आणि काय आहे वहिनी," तो कपातला चहा फुंकत म्हणाला, "सही तुमचीच आहे."

बाई आवाराबाहेर आल्या आणि भिंतीला हात टेकून गटारात ओकल्या. घूस तेवढी जरा बाजूला सरकली.

कारखान्यात परतल्या त्या सरळ मालकाच्या खोलीत. वाटेत मिक्सरजवळून त्यांनी तयार खाद्य ओंजळभर घेतलं होतं. ते त्यांनी त्याच्या काचेच्या टेबलावर ओतलं.

"वास घ्या."

"बाई, हा काय तमाशा?"

"घ्या तर."

मालक पुढे वाकला, आणि नकळत त्याचा हात रुमालाकडे गेला. बाईंनी ते पाहिलं. त्याला आज नव्याने वास आला नव्हता. त्याने आधीच टेबलाच्या कडेला एक पिशवी काढून ठेवली होती. बुरशीचं विष बांधून ठेवते म्हणून बाजारात मिळणारी पूड. म्हणजे सिस्टर येण्याआधीच त्याला शंका होती.

"डॉक्टरांना न विचारता?" बाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"थोडी टाकली की भागतं. आणि तो चुरा शंभरात दहाच्या जागी पाच करू. हळूहळू संपेल. एवढा माल फेकून कसा द्यायचा?"

"संपेल म्हणजे कुठे जाईल?"

मालकाने पिशवी टेबलाखाली सरकवली.

"पक्ष्यांच्या पोटातून माणसांच्या पोटात जाईल. आणि त्यावर माझी सही असेल. मी चुकीची सही केली. वास आला होता, तरी केली. हे मी लिहून देते." त्यांनी त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. "आता मी शेडवाल्यांना फोन करते."

"केलात तर उद्या येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू."

त्या आपल्या पत्र्याच्या खोलीत गेल्या, खाद्य घेऊन गेलेल्यांची वही उघडली आणि एकेका शेडला फोन लावला. नऊ शेडं होती. "कारखान्यातून नाकबाई बोलतेय. गेल्या अकरा दिवसांतली पोती उघडू नका. उघडली असतील तर काढून घ्या." दोघांनी शिव्या घातल्या. एक म्हणाला, तुमची सही बघूनच घेतलं होतं की. बाई म्हणाल्या, "हो. म्हणूनच मीच सांगतेय."

पोती शिवायच्या खात्यात ही बातमी पोचली, तेव्हा तिथल्या जुन्या सोबतिणींनी सुया खाली ठेवल्या. शिवल्याशिवाय पोतं बाहेर जात नाही, आणि त्या दिवशी एकही पोतं गेलं नाही. संध्याकाळपर्यंत दोन शेडवाल्यांनी खाद्याची गाडीच परत आणून फाटकात आडवी लावली. तेव्हा मालकाला कळलं की आता नाक दाबलं गेलंय ते त्याचंच.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर गेल्या नाहीत. सिस्टरांच्या शेडवर गेल्या.

आत शिरताच अमोनिया डोळ्यांत गेला. एरवी इथला भुसा पायाखाली कोरडा खुळखुळायचा. आता तो चिकट, काळपट झाला होता, आणि विष्ठेत न पचलेले दाणे जसेच्या तसे दिसत होते. पक्षी पिसं फुगवून, डोळे मिटून कोपऱ्याकोपऱ्यात दाटले होते. एक पिल्लू उभं राहायचा प्रयत्न करत होतं आणि त्याचे पाय दोन दिशांना जात होते. दाराशी काल-आज मेलेल्यांचा ढीग होता. सिस्टरांनी त्याच्यावर चादर घातली होती, माणसांवर घालतात तशी.

"सिस्टर," बाई म्हणाल्या, "त्या मालाचा वास मला आला होता. तरी मी सही केली. माल माझ्या दिराचा होता."

सिस्टरांनी चादरीचा सरकलेला कोपरा नीट केला. बाईंना वाटलं, आता रागावतील, किंवा म्हणतील जाऊ द्या. दोन्ही चाललं असतं.

"हातमोजे त्या खोक्यात आहेत," सिस्टर म्हणाल्या. "चुना मागच्या बाजूला. खड्डा मी सकाळी खणून घेतलाय."

दोघींनी मिळून पक्षी उचलले. एकेका हातात चार-चार, पायांनी धरून. ते हातात काहीच नसल्यासारखे हलके होते. काहींच्या चोचीतून पाणी गळत होतं. बाईंना प्रत्येकाचा वास वेगळा कळत होता, आज मेलेल्याचा आणि काल मेलेल्याचा. आणि या नाकाचा आता काय उपयोग, असं म्हणून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. तीनशे बारा पक्षी. आकडा सिस्टरांनी मोठ्याने म्हटला, एकदाच. मग दोघींनी वरून चुना टाकला आणि शेडमधला सगळा भुसा फावड्याने ओढून काढला. दुपारी सिस्टरांनी साबण आणि बादली दिली. पण जेवायला या म्हणाल्या नाहीत.

चार दिवसांनी मालकाचा माणूस घरी आला: बाई, कामावर या. शेडवाले म्हणतात, नाकबाई फाटकावर असतील तरच माल उचलू. हे ऐकून नवऱ्याला बरं वाटलं. बाईंना मात्र ते ऐकताना तोंडात कडवट पाणी आलं. ज्या सहीने पक्षी मेले, तीच सही लोकांना हवी होती.

त्या गेल्या, पण एक अट घालून. एकट्या नाकावर भिस्त नको. दर आठवड्याला शेडवाल्यांपैकी कुणीतरी यायचं, हवं ते पोतं फोडायचं, हवं ते बघायचं, आणि सहीशेजारी सही करायची. मालकाने नाक मुरडलं, पण मान डोलावली.

डॉक्टरांनी नवी कृती बसवली. थोडा मका, जेवढा मिळेल तेवढा. बाकी पांढरी ज्वारी आणि तुकडा तांदूळ, वरून जरा तेल. पक्ष्यांना वजन गाठायला दोन दिवस जास्त लागू लागले. शिवाय मका कमी झाला तशी कातडी पांढरट दिसायला लागली. खाटीक तक्रार करू लागले, गिऱ्हाईक म्हणतं ही आजारी कोंबडी. मग डॉक्टरांनी वाळवलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड घालायला सांगितली. बाईंनी पहिलं पोतं उघडलं तेव्हा त्यांना आत फक्त झेंडू भेटला. तरी त्यांनी ते तीनदा हुंगलं.

दिराचं आवार बंद झालं नाही. पुढच्या शहरातल्या एका गिरणीने त्याचा माल उचलला. तिथल्या फाटकावर नुसतं यंत्र होतं. ही बातमी सासूबाईंनीच ठणकावून सांगितली, धाकट्याचं बरं चाललंय म्हणून. बाईंनी त्या गिरणीला पत्र लिहिलं, त्या भागातल्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यालाही लिहिलं. अधिकारी एकदा जाऊन आला. तो येणार हे आधी कळलं होतं, म्हणून त्या दिवशी आवार झाडून लख्ख होतं, असं नंतर कानावर आलं. सासूबाई त्यानंतर सुनेशी थेट बोलायच्या बंद झाल्या. मीठ हवं असलं तरी मुलाकडून मागवायच्या, आणि तो बिचारा शिंपी दोघींच्या मध्ये धागा घेऊन फिरायचा.

एकदा जेवताना त्याने विचारलं, "एवढा कसला राग तुला? त्याने माफी मागितली ना?"

"राग नाही," बाई म्हणाल्या. "किळस आहे. राग उतरतो."

त्याने भात चिवडला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी फोन मीच केला होता."

"हो," बाई म्हणाल्या. "आणि उचलला मी होता."

पाव आणि बिस्किट घरात येणं थांबलं. व्हॅनिलाचा वास कुठे आला तरी त्या रस्ता बदलायच्या. चिकन तर त्यांनी आधीही फारसं खाल्लं नव्हतं.

शेडवाल्यांच्या वतीने सिस्टरच येऊ लागल्या, दर मंगळवारी, साडेदहाच्या ठोक्याला. येतात, बाईंची सही वाचतात, मग स्वतः परखी घेऊन सर्वांत खालचं पोतं निवडतात. चुरा तळहातावर पसरतात, बोटाने चाचपतात, उजेडात धरतात. नाकापेक्षा डोळ्यांवर त्यांचा जास्त भरवसा. बाई शेजारी उभ्या राहतात. एका मंगळवारी ज्वारीचं पोतं बघून सिस्टरांनी ते परत पाठवायला लावलं. त्यात किडे होते, आणि बाईंनी ते पास केलेलं होतं. हमाल चपापून बाईंकडे बघू लागले.

"माझं सर्दीने नाक चोंदलंय," बाई म्हणाल्या.

"मग आज सही करायची नव्हती," सिस्टर म्हणाल्या.

बाईंनी वही ओढली, आपल्या सहीवर आडवी रेघ मारली आणि पोतं गाडीत परत चढवायला सांगितलं.